सहाव्या मजल्याची वाटी

रविवारी सकाळी शेवंतीकाकींच्या घरात पहिला प्रश्न माशांचा नसायचा, वाऱ्याचा असायचा.

ही जुन्या चाळीतली गोष्ट. लालबागची चाळ, गिरणीच्या भोंग्याने उठणारी आणि भोंगा बंद पडल्यावरही त्याच वेळेला उठून बसणारी. कुशाबा, म्हणजे काकींचे यजमान, गंजीफ्रॉकवर गॅलरीत उभे राहायचे, बोट तोंडात घालून ओलं करायचे आणि हवेत धरायचे. बोटाची कोणती बाजू गार पडते ते बघायचे आणि आत तोंड करून सांगायचे, "वारो शिवडीचो हा गे. वाढीव आण."

वाढीव म्हणजे बांगडे. शेगडी गॅलरीत असायची, कोळसा रे रोडच्या वखारीतला. बांगडा निखाऱ्यावरच्या जाळीत पडला की त्याची चरबी गळायची आणि जो धूर उठायचा, तो काही काकींच्या उंबऱ्याशी थांबायचा नाही. काकींच्या सासूचा नियम असा, की आपला धूर ज्या दारात गेला त्या दारात आपली वाटीही गेली पाहिजे. लोकांनी नुसता वास घ्यायचा आणि आपण घास घ्यायचा, हे त्या बाईला चोरीसारखं वाटायचं. शिवडीकडून वारा आला की धूर मागच्या रांगेत जायचा. ती रांग मोठी, घराघरांत माणसं दाटलेली, म्हणून बांगडे वाढीव. उलटा वारा असला की धूर जिन्याकडे जायचा आणि दोन वाट्यांत भागायचं.

मागच्या रांगेत काकींचे शेजारी नाना आणि त्यांची आई राहायची. पहिल्यांदा धूर तिकडे गेला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी कुजबुजल्या, की ज्या घरचं पाणी आपण पीत नाही त्या घरात बांगडा कसा पाठवायचा? सासू जाळीवरचा बांगडा उलटत म्हणाली, "धूर गेलो, तो काय तुमका इचारून गेलो?" विषय तिथेच संपला. नवी नवरी शेवंती पदराआड वाटी धरून मागच्या रांगेत गेली आणि येताना तीच वाटी सुकटीच्या चटणीने भरून घेऊन आली. त्यानंतर त्या दोन घरांमध्ये रिकामी वाटी कधी हिंडली नाही.

चाळ पडली. तिच्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला. चाळकऱ्यांना त्यात घरं मिळाली, काकींना पाचव्या मजल्यावर आणि नानांना बरोबर त्यांच्या डोक्यावर, सहाव्यावर. घरात संडास आला, पाइपातून गॅस आला, लिफ्टमध्ये आरसा आला. काकी रोजचा स्वयंपाक गॅसवर करायला लागल्या, आणि चांगला करायच्या. पण रविवारच्या बांगड्यासाठी शेगडी त्यांनी सोडली नव्हती. गॅलरी नव्हतीच, म्हणून शेगडी स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत बसली. त्या खिडकीबाहेर पाइपांची उभी अंधारी विहीर होती, सगळे तिला डक्ट म्हणायचे. धूर त्यात शिरायचा आणि नाहीसा व्हायचा.

"जातो खंय?" एकदा कुशाबांनी खोकत विचारलं होतं.

"वर आभाळात. आणखी कुठे जाणार?"

धूर आभाळात जात होता, म्हणजे वाटी पाठवायला कोणी उरलं नव्हतं. आणि काकींचं खरं दुखणं तेच होतं. टॉवरमध्ये आल्यापासून सगळी दारं बंद. समोरच्या घरात कोण राहतं ते नावाच्या पाटीवर वाचायचं. बिनधुराची वाटी घेऊन कोणाची बेल वाजवावी, तर लोक विचारतात, आज काय विशेष? आणि विशेष तर काहीच नसतं. स्टीलच्या वाट्यांची चळत मांडणीवर तशीच पडून होती. काकी दर रविवारी ती धुवायच्या, पुसायच्या आणि परत ठेवायच्या.

अशाच जानेवारीतल्या एका रविवारी बेल वाजली. दारात संघमित्रा, नानांची मुलगी. बाळंतपणाला माहेरी आलेली, खांद्यावर चार महिन्यांचा सम्यक, हातात मोबाइलएवढी पांढरी डबी.

"काकी, राग मानू नका," ती म्हणाली. "तुमच्या शेगडीचा धूर आमच्या घरात येतो."

काकींच्या हातातला चिमटा खाली पडला.

"माझा धूर? तुझ्या घरात?"

"हो. डक्टमधून सरळ वर येतो आणि आमच्या खिडकीतून आत."

"कधीपासून?"

"मी आल्यापासून तर बघतेच आहे. नाना म्हणतात, राहायला आल्यापासून येतो."

"राहायला आल्यापासून!" काकींनी कपाळाला हात लावला. "आणि नाना बोलले नाहीत? एवढी दोन वर्षं?"

संघमित्राला वाटलं होतं, भांडण होईल. तिने रात्री त्याची उजळणीही केली होती. म्हातारी इतकी हबकेल असं तिला वाटलं नव्हतं. ती जरा नरमली आणि डबी पुढे करून समजवायला लागली. "हे हवा मोजायचं यंत्र आहे, काकी. यातला आकडा कमी हवा. तुमचा बांगडा सुरू झाला की तो बघता बघता..."

"मोजतेस कशाला? तू सांगितलंस ते पुरे. मी काय तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही?" काकी आत वळल्यासुद्धा. मांडणीवरून सगळ्यात मोठी वाटी खणकन निघाली. जाळीवरचा बांगडा तिच्यात बसेना, शेपूट बाहेर राहिली. "हे घे. आज एवढाच राहिलाय. पुढच्या रविवारपासून तुमच्या घरचे दोन. आणि नानांना सांग, मी त्यांच्याशी बोलणार नाही."

"काकी, मला बांगडा नकोय. मला हवा हवीय."

"हवा काय पोटाला चिकटते? बाळंतीण बाई तू. घे म्हणते ना!"

एका खांद्यावर पोर, एका हातात डबी, दुसऱ्या हातात गरम वाटी, अशी संघमित्रा लिफ्टसमोर उभी राहिली. डबीतला आकडा बांगड्याच्या शेजारी चढत होता.

वर काय झालं ते नानांनी मागाहून काकींना सांगितलं. मुलगी दारातूनच म्हणाली, "नाना, मी तक्रार करायला गेले होते." नानांनी वाटीकडे बघितलं आणि खुर्चीतून उठले. "पोरी, त्या बाईला धूर येतो म्हणून सांगणं म्हणजे तक्रार नव्हे. तू वाटा मागून आलीस!" मग त्यांनी शेपटीकडून सुरुवात केली. आपण दोन वर्षं नुसता वास घेऊन भाकरी खाल्ली, पण सांगितलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं, हे त्यांचं म्हणणं. काकींनी त्यांना माफ केलं, पण लगेच नाही.

पुढच्या रविवारी दोन बांगडे वर गेले. संघमित्राने ते पोचल्या पोचल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला. हा हितेंद्र, सतराव्या मजल्यावरचा. चाळीतला नव्हे, डोंबिवलीहून घर विकत घेऊन आलेला, नियमाचा माणूस. त्याच्या पॅन्टलाही इस्त्रीची नियमावली असायची. तो पाहणीला आला तोच तोंडाला मास्क लावून.

"आजी, इमारतीत कोळसा पेटवायची परवानगी नाही. तक्रार आलीय."

"कोणाकडे धूर येतो?" काकींनी काळजीने विचारलं.

"सहाव्या मजल्यावर."

"त्यांना वाटी गेली. तुमच्याकडे येतो का?"

"कसली वाटी?"

कुशाबा स्टुलावर बसून बांगडा सोलून खात होते. त्यांनीच त्याला नियम सांगितला, सासूबाईंपासून. हितेंद्र ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा मास्क हनुवटीवर आला. जाळीवर हळद-तिखट लावलेला बांगडा फुगत होता, कोकमाच्या आगळाचे थेंब निखाऱ्यावर पडून चुर्र वाजत होते.

"म्हणजे," हितेंद्र सावकाश म्हणाला, "ज्याच्याकडे धूर येतो, त्यालाच?"

"त्यालाच. उगाच कोणालाही नाही."

हितेंद्रने एकदा डक्टकडे बघितलं, एकदा जाळीकडे.

"आमच्याकडे येतो," तो म्हणाला. "फार येतो. आज तर पडद्यांना वास आहे."

काकींचे डोळे भरून आले. सतराव्या मजल्यावर! आणि आपण आभाळ समजून बसलो होतो.

हितेंद्र वाटी घेऊन लिफ्टमधून वर गेला, आणि लिफ्टमध्ये त्याला जेवढी माणसं भेटली तेवढ्यांना पुढच्या रविवारी धूर यायला लागला. नवव्या मजल्यावरची अक्षदा सांगत आली, की तिच्या वाळत घातलेल्या टॉवेलांना बांगड्याचा वास मारतो. अकराव्यावरून निरोप आला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आले तेव्हा मात्र कुशाबा बोललेच.

"धूर खाली येता?"

"आमच्याकडे येतो," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "जड धूर आहे."

गेटवरच्या वॉचमनने तर लिफ्टची वाटही बघितली नाही, इंटरकॉमवरूनच कळवलं, "मावशी, मेरे को भी इधर गेट पे आता है. हवा पलटी तो बहुत आता है."

काकींना पंख फुटले. ज्या दारांवरच्या फक्त पाट्या वाचल्या होत्या ती दारं रविवारी उघडायला लागली. कोणाच्या घरात कोण आजारी, कोणाची मुलगी परीक्षेला बसलीय, सगळं कळायला लागलं. वाट्या भरून जायच्या आणि भरून परत यायच्या. एकीत केक आला, एकीत ढोकळा. काकींनी ढोकळा शिळ्या पोळीसारखा परतून खाल्ला. कोळीण आता पाटीच पाचव्या मजल्यावर उतरवायची. एका शेगडीत भागेना, म्हणून काकींनी माळ्यावरची दुसरी काढली. कोळशाचं पोतं सोफ्याच्या मागे उभं राहिलं, कुशाबांनी त्यावर टेकून पेपर वाचायची सवय करून घेतली.

दोन शेगड्यांचा धूर एका शेगडीपेक्षा जास्त, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. पण संघमित्रा इंजिनीअर होती, त्यामुळे तिने सांगितलं.

"काकी, बघा जरा काय होतंय. धूर झाला म्हणून तुम्ही वाट्या वाढवल्या. वाट्या वाढल्या म्हणून बांगडे वाढले, बांगडे वाढले म्हणून कोळसा वाढला, कोळसा वाढला म्हणून धूर वाढला. आता पुढे काय?"

काकींनी मनात हिशेब जुळवला.

"वाट्या वाढवायच्या," त्या म्हणाल्या.

संघमित्राने सम्यकला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तो डोळे चोळत होता. "काकी, धूर दिसतो तेवढाच नसतो हो. कोळसा लाल झाला की तुम्हाला वाटतं धूर संपला, पण जे दिसत नाही ते जास्त आत जातं. कुशाबाकाका कसे खोकतात, बघताय ना? आणि तुम्ही?"

"मी कुठे खोकते? मी सकाळी घसा साफ करते."

हे घसा साफ करणं सहाव्या मजल्यावर गजराच्या कामी यायचं. नाना त्यावर उठून चहा ठेवायचे.

शेवटी संघमित्राने रविवारीच सगळ्यांना खाली लॉबीत बोलावलं. शेगडी बंद करायची की नाही, एकदाच ठरवा. ही बातमी काकींना कुशाबांनी सांगितली. बांगडा गॅसवर भाजला तरी पोट भरतं, हे त्यांना माहीत होतं. पण धूर गेला की वाट्या गेल्या, आणि वाट्या गेल्या की पुन्हा त्या पाट्या वाचत बसायचं. त्या नवं लुगडं नेसून लॉबीत गेल्या, जणू काही मुलगी बघायचा कार्यक्रम आहे आणि मुलगी त्याच आहेत.

संघमित्राने उभं राहून सरळ हितेंद्रलाच विचारलं. "सेक्रेटरी, सतराव्या मजल्यावर धूर येतो की नाही?"

हितेंद्र अडकला. येतो म्हणावं तर शेगडी बंद, येत नाही म्हणावं तर वाटी बंद. त्याने कपाळ पुसलं.

"येतो," तो म्हणाला. "म्हणजे... येतो, पण त्रास देत नाही. येतो, जरा बसतो आणि जातो."

"आमच्याकडचा तर औषधी आहे," अक्षदा म्हणाली. "माझी सर्दी गेली."

"आमच्या जड धुराचंही काही म्हणणं नाही," तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले.

लॉबीत एकही तक्रार नव्हती. बावीस मजले धुराने भरले होते आणि सगळे सुखी होते. काकींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नानांकडे बघितलं. नाना मात्र जमिनीकडे बघत होते. एका बाजूला मुलगी, एका बाजूला वाटी, अशा पेचात पडलेला माणूस जमिनीकडेच बघतो.

मग संघमित्राने डबी वर धरली. "ठीक आहे. काकींचा नियम काय? धूर जाईल तिथे वाटी. मला मान्य आहे. मग आज धूर कुठे जातो ते तरी बघू. काकी, तुम्ही शेगडी पेटवा."

याला कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं, बांगडे आणलेलेच होते. काकींनी दोन्ही शेगड्या पेटवल्या, पंख्याने वारा घातला, बांगडे चढवले. कुशाबांना निखाऱ्यावर बसवलं, म्हणजे निखाऱ्यांवर लक्ष ठेवायला बसवलं, आणि त्या वरातीत सामील झाल्या.

वरात पहिली सतराव्यावर गेली. हितेंद्रने खिडकी सताड उघडली, डक्टमध्ये डोकं घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. "आला! आला बघा!"

संघमित्राने डबी धरली. आकडा जागचा हलला नाही. उलट दोनने उतरला.

"हवा फार चांगली आहे तुमच्याकडे," ती म्हणाली. "अभिनंदन."

हितेंद्रचा चेहरा नापास झाल्यासारखा झाला. त्याच्या बायकोने वाटी आधीच धुऊन ओट्यावर ठेवली होती, ती तिने हळूच उचलून आत नेली. अकराव्यावर काही नाही. नवव्यावर अक्षदाचे टॉवेल सगळ्यांनी एकेक करून हुंगले, त्यांना साबणाचा वास होता. तिसऱ्यावर जायची गरजच पडली नाही, ते गृहस्थ आपणहून म्हणाले, "आज हलका असेल."

वरात खाली येत होती. एकेक दार काकींच्या हातातून निसटत होतं. मग सगळे सहाव्यावर आले, नानांच्या घरात. दारातच डबीतला आकडा चढायला लागला. स्वयंपाकघरात दुप्पट झाला. पण संघमित्रा तिथे थांबली नाही. स्वयंपाकघराला लागून आतली खोली होती, तिथल्या खिडकीशी साडीचा पाळणा टांगलेला. तिने डबी पाळण्यापाशी नेली. आकडा लाल झाला आणि डबी टीं टीं करायला लागली.

"इथे सगळ्यात जास्त," ती म्हणाली. एवढंच. आवाजही चढवला नाही.

काकींनी ऐकलं. अर्धं आयुष्य ज्या नियमाने त्या वागल्या, त्यात जागेचा मान ठरलेला होता. जिथे धूर सगळ्यात जास्त, तिथे पहिली वाटी. त्या खाली गेल्या. कुशाबा खोकत जिन्यात येऊन बसले होते, त्यांना ओलांडून घरात शिरल्या. जाळीवरचा सगळ्यात सरस बांगडा वाटीत घालून परत वर आल्या. सगळे बाजूला झाले. काकी पाळण्यापाशी उभ्या राहिल्या, वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "घे रे बाबा. तुझी."

सम्यक त्यांच्याकडे बघून हसला. मोठं, लाळेने भरलेलं, आतून सगळं गुलाबी हसू. त्या हसण्यात एकसुद्धा दात नव्हता.

काकी वाटी धरून उभ्या राहिल्या. खोलीत डबीचं टीं टीं तेवढं चालू होतं. असं कधी झालं नव्हतं. धूर गेला आणि वाटी परत आली, असं त्यांच्या हयातीत नाही, सासूच्या हयातीत नाही. सासरा संपावर असतानाही नाही, तेव्हा तिघांत एक बांगडा होता, पण शेपूट का होईना दाराला गेली होती. हे पोर तर जन्मल्यापासून सगळ्यांच्या वाट्याचा धूर एकटं घेत होतं आणि त्याच्या वाटीतलं दुसरेच खात होते.

"मी खातो त्याच्या वतीने," हितेंद्र मागून म्हणाला.

काकींनी नुसतं वळून बघितलं. हितेंद्र दोन पावलं मागे सरला, तो अक्षदाच्या पायावर.

"नाना," काकी म्हणाल्या, "याला दात कधी येतील?"

"सहाव्या-सातव्या महिन्यात येतात, वहिनी. संघमित्राला उशिरा आले होते."

"मग तोवर शेगडी बंद," काकी म्हणाल्या. "खाता येत नाही त्याला धूर कसा पाठवायचा? सासूबाई वरून बघत असतील."

संघमित्राने तयार करून आणलेलं सगळं भाषण गिळलं. काकी खाली गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही शेगड्यांतले निखारे राखेत दाबले.

पहिला रविवार फार वाईट गेला. काकींनी गॅसवर तव्यात बांगडा टाकला. चांगला झाला होता, पण त्या म्हणाल्या, "दवाखान्यातला लागतो." वाट्या धुतल्या, पुसल्या, चळत परत मांडणीवर ठेवली. दार बंद होतं. कुशाबा जेवून झोपले आणि त्यांना न खोकता झोपलेलं बघून काकी दोनदा त्यांच्या नाकाशी हात धरून आल्या.

मग बेल वाजली. दारात हितेंद्र, केस विंचरलेले.

"आजी, धूर नाही, मला माहितीय," तो म्हणाला. "पण वास आलाय."

"सतराव्यावर?"

हितेंद्र घुटमळला. मागच्या वेळचा धडा ताजा होता. "नाही," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये. मी... मी पाचव्यावर लिफ्ट थांबवली होती."

काकींनी नियम मनात घोळवला. सासूबाईंनी धुराचं सांगितलं होतं, वासाचं काही वेगळं सांगितलं नव्हतं. पण नाही म्हणूनही सांगितलं नव्हतं. आणि मेला खरं बोलला होता.

"दारात कशाला उभा? आत ये," त्या म्हणाल्या आणि मांडणीकडे वळल्या.

त्या दिवसापासून पाचव्या मजल्यावर लिफ्ट जास्त थांबायला लागली. पण टॉवरचं खरं लक्ष सहाव्या मजल्याकडे होतं. तव्यावरच्या बांगड्याने कोणाचं समाधान होत नव्हतं, सगळ्यांना निखाऱ्यावरचाच हवा होता, आणि तो सम्यकच्या हिरड्यांमध्ये अडकला होता. लोक त्याला बघायला येत. पूर्वी बाळ कोणावर गेलंय ते बघायचे, आता तोंड उघडून बघत. "आ कर रे राजा," म्हणत तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ मोबाइलचा टॉर्च मारत. अक्षदाने चघळायला रबराचा हत्ती आणला. हितेंद्रने गाजरं आणली, कोणीतरी सांगितलं होतं की गाजर चावून दात लवकर येतात. गाजर चावायला दात लागतात, हे संघमित्राने त्याला हात धुवायला लावता लावता समजावलं. वॉचमन रोज इंटरकॉमवर विचारायचा, "मॅडम, दांत आया क्या?" ती वैतागली होती, पण डबीतला आकडा हिरवा होता आणि पोर दुपारभर शांत झोपत होतं, म्हणून ती वैतागही जपून करायची.

काकी स्वतः रोज सकाळी वर जायच्या. एकदा लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने गेल्या. वर पोचल्यावर नाना म्हणाले, "वहिनी, कठड्याला टेकल्या नाहीत आज? पूर्वी अर्ध्यात थांबायच्या."

"नवीन चपला आहेत," काकी म्हणाल्या.

"आणि पहाटे तुमचा घसा ऐकू येत नाही. माझा चहा उशिरा होतो हल्ली."

"घड्याळ लावा."

मे महिन्यात, मासेमारी बंद व्हायला थोडेच दिवस उरले असताना, नानांनी सम्यकला स्टीलच्या चमच्याने पाणी पाजलं आणि आतून टण् असा आवाज आला. त्यांनी पुन्हा चमचा आपटला. टण्. लिफ्ट खाली पोचायच्या आत बातमी गेटवर पोचली.

संध्याकाळी नानांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हितेंद्र बाजारातून थेट पिशवी घेऊन आला होता, पिशवीतून पाणी गळत होतं. कुशाबांनी शेगडी माळ्यावरून काढून, पुसून वर आणली होती. काकींनी हात धुतले, सम्यकला मांडीवर घेतलं आणि करंगळी त्याच्या तोंडात घातली. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं टोचलं. सम्यकने करंगळी चावली.

"आहे," काकी म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. संघमित्रा भिंतीला टेकून उभी होती. दात येईपर्यंत शेगडी बंद, असं ठरलं होतं आणि अट पुरी झाली होती. तिच्या मागे फडताळावर डबी होती आणि डबीत हिरवा आकडा.

काकींनी आकड्याकडे बघितलं. मग सम्यकच्या डोळ्यांकडे, ते स्वच्छ होते. मग दाराकडे. दार सताड उघडं होतं आणि जिन्यातसुद्धा माणसं उभी होती, आणि आज टॉवरमध्ये कुठे काडीचा धूर नव्हता. काकींनी एक लांब श्वास घेतला. तो कुठेही न अडकता आत गेला. त्यांचं त्यांनाच जरा नवल वाटलं, पण ते कोणाला सांगायचं कारण नव्हतं.

"एकच आहे," त्या म्हणाल्या.

"एक तर एक!" हितेंद्र म्हणाला. "दात म्हणजे दात!"

"एका दाताने बांगडा खाईल पोर? काटे असतात त्यात. घशात अडकला म्हणजे?" काकींनी सम्यकला त्याच्या आईकडे दिलं आणि पदर खोचला. "दाढा येऊ देत."

हितेंद्र पिशवीसकट खाली बसला. "दाढा? दाढा कधी येतात?"

"येतील दीड-दोन वर्षांत," नाना म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

"आणि आजी, तेव्हा तुम्ही म्हणाल, अक्कलदाढ येऊ दे!"

"ती येवची वाट बघू नको," कुशाबा दारातून म्हणाले. त्यांनी शेगडी उलटी करून तिच्यावर बसकण मारली होती. "माका आजून येवक नाय."

काकींनी हितेंद्रच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि आत डोकावल्या.

"ताजे आहेत," त्या म्हणाल्या. "चला, तवा तापत टाकते. ज्याला वास येईल त्याने आपली वाटी घेऊन या, माझ्या पुरायच्या नाहीत."